ढोलीची खोली

साकोलीत खोली शोधायला निघाले, तेव्हा या गावातल्या लोकांना इतके भाचे असतील याची मला कल्पना नव्हती. खोली रिकामी असायची, झाडलेली, सारवलेली. मालकीणबाई कौतुकानं दाखवायच्या, खिडकी उघडून वारा कसा येतो तेही सांगायच्या. मग दोन-चार प्रश्न व्हायचे, आणि त्यानंतर त्यांना एकदम आठवायचं की पुढच्याच आठवड्यात एक भाचा शिकायला येऊन राहणार आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि पंचायत समितीत कारकून म्हणून नुकतीच लागले होते. आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याजवळ. तिथून साकोलीला यायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागत आणि अर्धा दिवस त्यातच जाई. सुरुवातीला मी आईच्या एका मावसबहिणीकडे, बौद्ध मोहल्ल्यात उतरले. दोन खोल्यांत सात माणसं, आठवी मी. मावशीच्या मुलाचं लग्न महिन्यावर आलं होतं. सून आली की मला जागा नाही, हे मावशी तोंडानं म्हणत नव्हती, पण मला दिसत होतं. मोहल्ल्यात मी आधी घरोघर विचारून पाहिलं. जास्तीची खोली आहे असं घरच तिथं नव्हतं.

वडिलांनीही मला महिन्याचीच मुदत दिली होती. मी घरातली पहिली पगारदार. नेमणुकीचा कागद ते सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवत. पण तरणी मुलगी परगावी कुठं राहणार, याची धास्तीही त्यांना तेवढीच होती. धड खोली मिळाली तर नोकरी, नाही तर राजीनामा देऊन घरी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली.

"आडनाव त्यायनं विचाराच्या आधी तूच सांगजो. लपवून खोली घेशीन त् रोज लपवा लागीन."

मी स्वभावानं भारी चौकस. लहानपणी विहिरीत वाकून पाहण्यावरून मी जितका मार खाल्ला, तितका अभ्यासावरून खाल्ला नाही. त्यामुळे नकार मिळाल्याचं वाईट वाटायच्या आधी मला हे लोक विचारतात कसे, याचंच नवल वाटायला लागलं. जात कोणती, असं सरळ कुणीच विचारत नसे. समोर सरकारी कारकून उभी होती, तिला तसं विचारणं बरं दिसत नव्हतं. मग प्रत्येकानं आपापली आडवाट शोधून काढली होती. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, आपलं कुलदैवत कोणतं. औषधाच्या दुकानदाराच्या बायकोनं विचारलं, दिवाळीत तुमच्याकडे काय काय करतात. एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं तर मान तिरपी करून, गावात तुमचं घर कोणत्या अंगाला आहे, एवढंच विचारलं. कोणत्या अंगाला कोण राहतं हे आमच्याकडे प्रत्येक गावात ठरलेलं. मी त्याला मनातल्या मनात पहिला नंबर देऊन टाकला.

उत्तर म्हणून मी आडनाव सांगायची. ते सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहायची. बहुतेकांना खरंच ओशाळल्यासारखं व्हायचं. मास्तर तर मला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि चांगली नोकरी आहे, सोडू नका, असं दोनदा म्हणाले. नोकरी टिकायची तर खोली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं, किंवा आलंही असेल.

हे भाचे खरोखर येतात का, हे पाहिल्याशिवाय मला राहवेना. जून लागला तशी मी कचेरीतून परतताना मुद्दाम त्या गल्ल्यांतून जायला लागले. दोन घरांत खोलीला कुलूप तसंच होतं. तिसऱ्या घरी, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे, खरोखरचा भाचा आला होता. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, पायाशी पत्र्याची पेटी, ओसरीवर बसून पुस्तक वाचत होता. त्या बिचाऱ्यानं माझं काही बिघडवलं नव्हतं, पण सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच आला. तो खोटा असता तर बरं झालं असतं.

महिन्यातले आठ दिवस उरले असताना मी मावशीचं धान कांडून आणायला गिरणीवर गेले. गिरणीवाला गावातलं प्रत्येक घर ओळखून होता, कारण प्रत्येक घराचं धान त्याच्याकडे यायचं. मावशीच्या घरच्यांना तर तो चांगलाच ओळखत होता. मी खोली शोधते आहे हे ऐकून त्यानं पट्टा सरकवता सरकवता थोडा विचार केला आणि म्हणाला की एक खोली आहे, पण अर्धी आहे.

अर्धी खोली म्हणजे काय, हे पाहायलाच मी त्याच संध्याकाळी गेले. घर एका विधवा बाईचं. वय पन्नाशीचं, नवरा वारून चार वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. घर पक्कं होतं आणि मागच्या अंगणात एक वेगळी खोली होती. दार उघडलं आणि समोर ढोलीच दिसली. धान साठवायची कणगी, तिला आमच्याकडे ढोली म्हणतात. बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या डोक्याच्याही वर हातभर आणि घेराला एवढी की दोन माणसांनी हात धरले तरी कवेत मावायची नाही. दारातून ती आत गेलीच कशी, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या की बुरडांनी ती आत बसूनच विणली होती, आता ती बाहेर काढायची तर भिंत पाडावी लागेल. उरलेल्या जागेत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक माणूस मावत होतं, माणूस फार जाड नसेल तर.

त्या बाईंना मी काकू म्हणायला लागले. काकूंची शेती एकोडीला, धाकट्या दिराच्या शेतीला लागून. धुरे, म्हणजे बांध, एक, पण वाटणी झालेली. काकूंच्या हिश्श्याचं वर्षाचं धान बैलबंडीतून साकोलीला यायचं आणि या ढोलीत पडायचं. दर आठ-दहा दिवसांनी खालच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढून त्या पायलीनं धान काढत. ते विकूनच त्यांचं घर चालायचं.

काकूंनी मला बरेच प्रश्न विचारले. उंदराला भितेस का. रात्री चिमणी विझवून झोपतेस ना. सुट्टीत गावी गेलीस की किती दिवस राहतेस. तुझ्याकडे येणारं-जाणारं कोण. मी उत्तरं देत होते आणि खरा प्रश्न कोणत्या वाटेनं येतो याची वाट पाहत होते. तो आलाच नाही. सगळे प्रश्न धानाचे होते. शेवटी त्या म्हणाल्या, भाडं वीस रुपये. दुसरीकडे चाळीस-पन्नास सांगत होते, आणि घरी मनिऑर्डर केल्यावर माझ्याकडे जे उरायचं त्यात चाळीस कधीच बसले नसते.

आडनाव अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. विचारलं तर सांगीन, असं स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन राहायला आले. वडिलांना पत्र लिहिलं की खोली मिळाली. त्यांचं उत्तर आलं की धानाच्या रोवणीची कामं आटोपली की येतो, खोली पाहतो, मग काय ते ठरवू. म्हणजे नोकरीचा निकाल अजून लागायचाच होता.

ढोलीच्या शेजारी राहणं मला आवडायला लागलं, हे कबूल केलं पाहिजे. खोलीला सदा धानाचा कोरडा, गोडसर वास असायचा. चिमणी लावली की बारीक पाखरं उडत. पाठ टेकून वाचायला ती भिंतीपेक्षा उबदार होती. उंदीर होते, पण ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसत, त्यांना दुसरी कामं होती. काकू रोज एकदा तरी येत. ढोलीवरून हात फिरवत, बोळा पाहत, कुठं लिंपण सुटलं असेल तर लिंपून घेत. मग खाटेजवळच्या पाटावर बसून माझ्याशी गप्पा मारत. कचेरीत कोण काय बोललं, कुणाची बदली झाली, सगळं त्यांना हवं असायचं. चौकसपणात त्या माझ्या तोडीस तोड होत्या.

बाजाराच्या दिवशी एकोडीहून त्यांचा दीर यायचा. धिप्पाड माणूस, पांढरीशुभ्र टोपी. अंगणात उभा राहून वहिनीची विचारपूस करायचा, मग माझ्या दारापाशी येऊन ढोलीकडे पाहत उभा राहायचा. मी म्हणायची, या न काकाजी, बसा. तो चपला वाजवत दाराबाहेरच थांबायचा, हं हं करायचा आणि निघून जायचा. एकट्या तरण्या बाईच्या खोलीत पाय टाकू नये, एवढी रीत या माणसाला कळते, याचं मला फार बरं वाटलं. मी घरी पत्रात तसं लिहिलंसुद्धा, की इथली माणसं मर्यादेची आहेत.

माझ्या लक्षात आधी आला तो चहा. काकू आल्या की मी स्टोव्ह पेटवायची आणि त्या नको म्हणायच्या. आताच घेतला. आज सोमवार आहे. दाढ दुखते. पित्त झालंय. पंधरा दिवस मी विश्वास ठेवला. सोळाव्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातून चहाचा वास आला, आणि दिवस सोमवारच होता.

मग मी शोध लावायला बसले. एके दिवशी केळी आणली, दिली. त्यांनी सोलून खाल्ली. कच्च्या शेंगा दिल्या, खाल्ल्या. त्याच शेंगा दुसऱ्या दिवशी मीठ घालून उकडून दिल्या, तर म्हणाल्या नातीसाठी ठेवते, आणि नंतर त्या मला गल्लीतल्या बकरीपुढे दिसल्या. दुकानातला चिवडा कागदाच्या पुडीतून घेतला. तोच चिवडा माझ्या ताटलीत काढून दिला तर पोट भरलेलं निघालं. भाड्याचे पैसे मात्र माझ्या हातातूनच घेतले. हे सगळं जमवताना मला शाळेतल्या प्रयोगाच्या वहीसारखी मजा येत होती. वही पूर्ण झाली आणि मजा संपली. पाणी, आग आणि माझं भांडं लागलं की काकूंना ते चालत नव्हतं. म्हणजे काकूंना माहीत होतं.

मग राग आला. खूप आला. भाचा आठवणारे लोक निदान दारातून परत पाठवत होते. पण राग उतरला तशी मला दुसरीच गोष्ट खायला लागली. हिला माहीत आहे, तर हिनं मला खोली दिली कशाला? आपलं वर्षाचं पोट ज्या ढोलीत आहे, तिच्याजवळ मला झोपवलं कशाला? विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि खोली गेली तर नोकरीही गेली.

रोवणी आटोपून वडील आले तो बाजाराचाच दिवस होता. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ते माझ्याकडे न पाहता ढोलीकडे गेले. बोळा सैल करून चार दाणे तळहातावर घेतले, एक दातांत धरून फोडला आणि लुचई जातीचं धान आहे, चांगलं वाळवलं आहे, असं म्हणाले. मग बोळा नीट बसवला, खाली सांडलेले दाणे वेचून वर ठेवले आणि मला विचारलं, आडनाव सांगितलं होतं का. मी खाली पाहिलं.

ते उठले, अंगणात गेले. काकू ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. वडिलांनी हात जोडले आणि सरळ सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, पोरीनं हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं तिचं. मला वाटलं, आता वळकटी बांधायची.

काकूंचा हात सुपावर चालतच राहिला. त्या म्हणाल्या, "मालूम आहे जी. गिरणीवाल्यानं खोली सांगतानाच सांगितलं होतं."

"मंग काहून देल्ली खोली?" मीच विचारलं. इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न वडिलांच्या आधी माझ्या तोंडून निघाला.

काकूंनी सूप खाली ठेवलं. चांगला सौदा झाला की माणूस जसं खुशीनं सांगतं, तसं त्यांनी सांगितलं, कसलाही आडपडदा न ठेवता. "पयले आमच्यातलाच भाडेकरू होता, बाई. दीर यायचा, त्याच्याजवळ बसायचा, चहा प्यायचा, अन् जाताना पोतं भरून न्यायचा. म्हणे, माह्या भावाचं धान आहे. रांडमुंड बाई मी, कोणाले सांगू? आता तू राहून राहिली, त् तो दाराच्या आत पाय नाही ठेवत. दोन महिन्यांत एक दाना गेला नाही माहा."

वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ते मर्यादेचं पत्र त्यांनी वाचलं होतं. मला आधी हसू आलं, खरंच आलं. केवढी हुशार बाई! घरच्या माणसांपासून धान राखायला तिनं त्यांचाच विटाळ दाराला लावला होता, आणि वर त्याचे वीस रुपये माझ्याकडून घेत होती. आणि मग ते हसू तिथंच राहिलं. मी भाडेकरू नव्हतेच. मी कुलूप होते.

मी आत गेले आणि चहा ठेवला. तीन कप भरले, ओसरीवर आणले. एक वडिलांना दिला, एक काकूंच्या समोर ठेवला.

"काकू, मी तुमचं धान राखून राहिली," मी म्हणाले. "मंग आज चहा घ्या."

काकूंनी कपाकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं, गल्लीत कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. एक क्षण मला वाटलं, घेतील. त्यांची बोटं कपाच्या कानापर्यंत गेलीसुद्धा. मग त्यांनी हात मागे घेऊन पदर सारखा केला.

"भाडं पाच रुपये कमी देत जाय, बाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की त्यांनाच ते बोलायचं नव्हतं असं वाटलं. माझी त्यांना दया आली आणि त्या दयेचाही मला राग आला.

वडिलांनी आपला चहा प्यायला. काकूंच्या समोरचा कप उचलून तोही प्यायला. मग दोन्ही कप स्वतः विसळून माझ्या स्टोव्हजवळ आणून ठेवले. एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो, वाटेत ते धानाबद्दलच बोलले. एवढी मोठी ढोली या भागात आता कुणी विणत नाही म्हणाले. गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, राहतेस का. मी राहते म्हणाले.

"राह्य," ते म्हणाले. "पण वीसच देजो. एक पैसा कमी नको."

मी मान हलवली. मी त्या खोलीत तीन वर्षं राहिले आणि माझी नोकरी टिकली. पुढच्या पहिल्या तारखेला मी काकूंच्या हातावर पंधरा रुपये ठेवले, त्यांनी ते कनवटीला लावले. त्या महिन्यापासून घरची मनिऑर्डर पाच रुपयांनी वाढली. पगार वाढला का, असं वडिलांनी पत्रात विचारलं. मी हो लिहिलं.